अचलपूर-परतवाडा: मिलच्या जागी किती, कुठले आणि किती दिवसांचे रोजगार?

तीन_पाळ्या
मार्च २०२० च्या टाळेबंदीत राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या थांबल्या, त्यात अचलपूरची (जि. अमरावती) फिनले मिलही आली. तेव्हापासून गावात दोनच सूर ऐकू येतात. एक "मिल सुरू करा" आणि दुसरा "मिल विसरा, दुसरा कारखाना आणा". या धाग्यात दोन्ही सूर बाजूला ठेवू या आणि हिशेब मांडू या.

माझी एकच अट आहे. "इतक्या लोकांना रोजगार" असं कोणी लिहू नका, हजऱ्या लिहा. मिलमधला कायम कामगार वर्षाला साधारण ३०० हजऱ्या भरायचा, वर पीएफ आणि ईएसआय (कामगार राज्य विमा). म्हणजे ३०० हजऱ्या = १ नोकरी. संत्र्याच्या पॅकिंग हाउसमध्ये ३० माणसं ११० दिवस लागत असतील तर त्या ३,३०० हजऱ्या झाल्या, म्हणजे ११ नोकऱ्या. उद्घाटनाच्या फलकावर मात्र ३० छापतात. घोळ तिथूनच सुरू होतो.

कागदी_घोडा
कामाची अट. पण नव्या धंद्याआधी जुना हिशेब बघा. गिरणी "थांबलेली" आहे की कायद्यानं "बंद" आहे, यावर कामगाराच्या हातात काय पडतं ते ठरतं. लोक इथंच फसतात.

उत्पादन थांबलं पण बंदची रीतसर प्रक्रिया झाली नाही, तर कामगार कागदावर नोकरीतच असतो. ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं) असेल तर मूळ पगार + महागाई भत्त्याच्या ५० टक्के. बंदची भरपाई नाही, ग्रॅच्युइटी नाही, कारण नोकरी संपलेलीच नाही.

रीतसर बंद झाला तर:
– भरपाई: सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात.
– ग्रॅच्युइटी: शेवटचा मूळ पगार + महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १४,३०० पगार आणि ११ वर्षं असतील तर ५५० × १५ × ११ = ९०,७५०. ३० दिवसांत मिळायला हवी, उशीर झाला तर व्याज लागतं.
– ईएसआयची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना: पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के, पुढचे १२ महिने २५ टक्के, त्या काळात कुटुंबाचे औषधोपचार चालू. किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली हवी.

शेवटच्या ओळीत एक खाच आहे. ही योजना कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कपातीमुळे नोकरी गेलेल्यासाठी आहे. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही केली की तुम्ही "आपखुशीनं" बाहेर पडलात आणि योजनेतूनही गेलात. तेव्हा सही करण्याआधी दोन रकमा शेजारी शेजारी मांडा. कधी स्वेच्छानिवृत्तीची रक्कम खरंच जास्त असते, कधी ती फक्त जास्त दिसते.

आणखी एक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कारखाना बंद करायला सरकारची आगाऊ परवानगी लागण्याची मर्यादा पूर्वी १०० कामगारांची होती, आता ३०० आहे. छोट्या गावांतले बहुतेक कारखाने या मर्यादेखालीच येतात.

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ, बदलीवाल्याचं (कायम माणूस गैरहजर असला की त्याच्या जागी लागते तो) काय? त्याचं नाव कोणत्याच यादीत नसते. मस्टर (हजेरीबुक) मालकाच्या कपाटात अन् कपाटाले कुलूप.

कागदी_घोडा
@वऱ्हाडी_ठेचा, १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं असेल तर सलग एक वर्ष सेवा धरतात, आणि असा माणूस ले-ऑफपुरता बदली राहत नाही. मस्टर मिळालं नाही तरी पुरावा दुसरीकडे असतो: पीएफचं पासबुक आणि ईएसआयचा वर्गणी तपशील. दोन्हींत महिनावार नोंद असते. ईएसआयच्या तपशिलात त्या महिन्यात किती दिवस भरले तेही दिसतं. आधी ते उतरवून घ्या, मग भांडायला जा.

पीएफमध्ये हमखास अडतं ते "नोकरी सोडल्याची तारीख" या रकान्यात. मालकानं ती भरली नसेल तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सभासदाला स्वतः ऑनलाइन भरता येते. आधार, बँक खातं आणि पासबुकावरचं नाव अक्षरशः एक हवं. "प्रल्हाद" आणि "प्रल्हादराव" हे संगणकाला दोन माणसं वाटतात.

१० वर्षं किंवा त्याहून जास्त सेवा असेल तर पेन्शनचा पैसा काढता येत नाही, पेन्शनच मिळते. ५८ ला पूर्ण. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके ४-४ टक्के कापून. ती कपात कायमची असते. दोन वर्षांच्या तंगीसाठी आयुष्यभराची कपात घेऊ नका.

तीन_पाळ्या
धन्यवाद, हे धाग्याच्या वर डकवून ठेवतो. आता कामांकडे वळू. कोण माणूस कुठं बसतो?

मशीनचा_माणूस
सगळ्यांना एकच "कौशल्य प्रशिक्षण" देणं हा पैशाचा नाश आहे. खात्यागणिक बघा.

बॉयलर अटेंडंट: त्याचं प्रमाणपत्र कारखान्याबरोबर मरत नाही. डेअरी, सरकी तेल, रंगाई, मोठं स्वयंपाकघर, जिथं वाफ आहे तिथं तो चालतो. याला प्रशिक्षण नको, गाडीभाडं हवं.

फिटर: स्पिनिंगचा फिटर म्हणजे बेअरिंग, अलाइनमेंट, गिअर, पट्टा. जिल्ह्यात जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणं) भरपूर आहे. डबल रोलर जिनमध्ये रोलर झिजतो, त्याच्या खाचा पुन्हा पाडाव्या लागतात, स्थिर आणि फिरत्या सुरीमधलं अंतर लावावं लागतं. ते चुकलं तर सरकी फुटते आणि रुईत तिचे तुकडे जातात. हे काम फिटरला पंधरवड्यात जमतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये हंगामापूर्वीची दुरुस्ती असते, तेव्हा तीन-चार फिटरांच्या टोळीनं गावोगाव ठेके घ्यावेत. हंगामात रोजावर जाण्यापेक्षा ते परवडतं.

इलेक्ट्रिशियन: दोन वाटा. एक, मोटार रिवाइंडिंग. बोअरवेलमधल्या पाणी भरलेल्या सबमर्सिबलला साधी इनॅमल तार चालत नाही, पॉलिमर गुंडाळलेली तार लागते. मिलमधला माणूस कोरड्या मोटारी भरत आलेला असतो, पहिल्या महिन्यात हीच चूक होते आणि मोटार आठवड्यात परत येते. दोन, छतावरची सौरऊर्जा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० अनुदान आहे, त्यामुळे मागणी आहे. चार माणसांची टोळी ३ किलोवॅटचं छत दोन दिवसांत करते. अर्थिंगचे खड्डे तीन आणि वेगळे: तडितरोधकाचा (लाइटनिंग अरेस्टर), डीसी बाजूचा, एसी बाजूचा. पैसे वाचवायला एकाच खड्ड्यात तिन्ही जोडले तर पहिल्या वळवात इन्व्हर्टर जातो. वायरमनचा परवाना नसेल तर आधी तो काढा, नाहीतर तुम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्या परवान्यावर मजूर.

हजऱ्यांत सांगायचं तर वर्षाला १२० छतं × २ दिवस × ४ माणसं = ९६०. म्हणजे तीनच नोकऱ्या.

अवघड गट आहे रिंगफ्रेमवरचे (सूत कातणारे), वाइंडिंगचे (सूत गुंडाळणारे) आणि डॉफर (भरलेल्या बॉबिनी काढणारे). त्यांचा हात चपळ आहे, पण तो फक्त सुताला सरावलेला.

सुई_दोरा
त्या गटासाठी शिवण. पण "शिलाई केंद्र" म्हटलं की लोक वीस मशिनी आणून फीत कापतात. आकडे असे धरा.

३० मशिनींची एक लाइन, शर्टाचं जॉबवर्क. शर्टाला २० मिनिटांचं प्रमाणित काम धरू.
३० ऑपरेटर × ४८० मिनिटं = १४,४०० मिनिटं.
कार्यक्षमता ४० टक्के असेल तर ५,७६० मिनिटं, म्हणजे दिवसाला २८८ शर्ट.

खर्च: ऑपरेटर ३० × ४५० = १३,५००. कटिंग, इस्त्री, तपासणी आणि हेल्पर १६ × ४०० = ६,४००. सुपरवायझर-मेकॅनिक ३ × ७०० = २,१००. बेरीज २२,०००. त्यावर पीएफ-ईएसआयचे मालकाचे साधारण १६ टक्के म्हणजे ३,५००. वीज, दोरा, सुया, भाडं ४,५००. दिवसाचे ३०,०००.

शर्टाला ८० रुपये मजुरी मिळाली तर २८८ × ८० = २३,०४०. रोज सात हजार तोटा. ना नफा ना तोटा होतो ३७५ शर्टांवर, म्हणजे ५२ टक्के कार्यक्षमतेवर. (दर माझे आहेत, तुमच्या पार्टीचा दर घालून पुन्हा करा. रीत तीच.)

नवा हात ५२ ला पोचायला तीन-चार महिने घेतो. ७५ कामाचे दिवस × ७,००० = सव्वापाच लाख. हे पैसे मशिनीच्या कर्जात धरलेले नसतात. बहुतेक केंद्रं या खड्ड्यात पडतात आणि चौथ्या महिन्यात, म्हणजे नेमकी लाइन वळणावर येत असताना, कुलूप लागतं.

उपाय कंटाळवाणे आहेत. पहिले तीन महिने शर्ट घेऊच नका. उशीची खोळ, एप्रन, कापडी पिशवी, म्हणजे सरळ शिलाई आणि कमी मिनिटांचं काम घ्या. ३० ऐवजी १० मशिनींवर सुरुवात करा. आणि पहिल्या दिवसापासून सर्व्हो मोटारच घ्या, क्लच मोटार शिलाई थांबली तरी वीज खाते.

हजऱ्या: ४९ × ३००. पूर्ण ४९ नोकऱ्या, बारमाही. आतापर्यंत धाग्यात दुसरं कुठलंही काम याच्या जवळ आलेलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
शाळेचे गणवेश घ्या ना! गिऱ्हाईक बसल्या जागी.

सुई_दोरा
घ्या, पण त्यावर लाइन उभी करू नका. २०२४-२५ ला राज्यात एकसमान गणवेश महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं. गणवेश उशिरा पोचले, ओरड झाली आणि पुढच्या वर्षासाठी खरेदी परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेली. ज्यांनी त्या एका कामासाठी मशिनी घेतल्या असतील त्यांचं काय? एका गिऱ्हाइकाचं काम एकूण क्षमतेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, मग ते सरकार असो की शेठ.

बहारवाली
आता संत्रा. दर निवडणुकीत "संत्रा प्रक्रिया उद्योग" येतो, म्हणून जरा सविस्तर.

नागपुरी संत्र्याचा रस काढला की काही तासांत कडू व्हायला लागतो, तापवला तर लगेच. बिया आणि पांढऱ्या पडद्यात असलेला एक घटक आम्लाच्या संपर्कात येऊन लिमोनिन तयार होतं, त्याची ही कडवट. खाताना फोड गोड लागते आणि बाटलीतला रस कडू, ते यामुळे. मोठ्या प्रकल्पात रेझिनच्या स्तंभातून रस काढून कडवटपणा घालवतात, छोट्या युनिटला ते परवडत नाही. म्हणून छोट्या प्रमाणावर शुद्ध रसाच्या नादी लागू नये.

स्क्वॅश जमतो, साखरेखाली कडवट दबते. कायद्यानं किमान २५ टक्के रस आणि ४० ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं टक्क्यांतलं माप) हवं. १०० किलोचं प्रमाण:
रस २५ किलो (१० ब्रिक्स धरून), साखर साडेअडतीस किलो, सायट्रिक आम्ल १ किलो, पाणी साडेपस्तीस किलो. ब्रिक्स साधारण ४२ येतं. मुद्दाम दोन वर ठेवलंय, कारण आंबिया बहाराच्या (ऑक्टोबर-डिसेंबरच्या) सुरुवातीच्या फळात साखर कमी असते.
परिरक्षक म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट: सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ३५० पीपीएम. पावडरीत तो व्यवहारात निम्मा धरतात, म्हणून किलोला ०.७ ग्रॅम ही कमाल. ०.६ वर थांबा. थोड्या पाण्यात विरघळवून शेवटी घाला, गरम पाकात टाकलं तर वायू उडून जातो आणि महिन्यात बाटली फसफसते.

साल काढून, बिया न चिरडता, हलक्या दाबानं रस काढायचा. वजनाच्या ४०-४५ टक्के रस मिळतो, म्हणजे १०० किलो स्क्वॅशला सुमारे ६० किलो फळ.

आता बातमी. दिवसाला एक टन स्क्वॅश केला तरी फळ लागतं फक्त ६०० किलो, माणसं दहा, हंगाम फार तर १५० दिवस. १,५०० हजऱ्या, ५ नोकऱ्या. बागायतदाराचा भावाचा प्रश्न सुटत नाही आणि गिरणीचाही नाही. धंदा म्हणून ठीक, दुसरी मिल म्हणून नाही.

पॅकिंग हाउस (धुणं, वाळवणं, मेणाचा लेप, पुन्हा वाळवणं, आकारवारी, पेटी) त्यापेक्षा जास्त हात घेतं. पण ते बाजारावर टांगलेलं. बांगलादेशनं आयातशुल्क वर्षागणिक वाढवलं तेव्हा इथल्या आंबियाचं काय झालं ते परतवाड्याच्या कुठल्याही अडत्याला विचारा.

तीन_पाळ्या
एक खटकतंय. आंबिया ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल, जिनिंग नोव्हेंबर ते एप्रिल. सगळी कामं एकाच वेळी माणसं मागतात आणि जून ते सप्टेंबर सगळीच रिकामी. एका माणसाला दोन हंगाम जोडून ३०० हजऱ्या करून देणं इथं जमत नाही.

बहारवाली
बरोबर. पावसाळ्यात कलमांची विक्री असते, पण त्याचं मोठं केंद्र वरूड-शेंदुरजनाघाट आहे.

वऱ्हाडी_ठेचा
पावसाळ्यात चिखलदरा हाये ना! घाट परतवाड्यापासूनच चढते.

मशीनचा_माणूस
जुलै ते सप्टेंबर, १३ आठवडे, शनिवार-रविवार. २६ हजऱ्या. 🙂

सागवान
लाकडाचं कोणीच काढलं नाही, परतवाड्याचं नाव सागासाठी असून. नवी आरा मशीन विसरा. १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांपासून आरा गिरण्यांचे परवाने जखडलेले आहेत. पण चिरलेलं लाकूड घेऊन दरवाजे, चौकटी, फर्निचर करणं हा वेगळा विषय आहे. आज गावातून लाकूड चिरून बाहेर जातं आणि रंधा, सांधा, पॉलिश ही मजुरीची कामं दुसऱ्या शहरात होतात.

अडतं ते वाळवणीत. ओला सागवान एक इंची फळी सावलीत, थप्पीत पट्ट्या घालून दोन-तीन महिने घेते. कारागीर थांबत नाही. वऱ्हाडात मे महिन्यात हवा इतकी कोरडी होते की लाकडातली ओल पाच टक्क्यांपर्यंत उतरते, ऑगस्टमध्ये तीच पंधराच्या वर जाते. पावसाळ्यात ओल्या लाकडाचं केलेलं दार उन्हाळ्यात सांध्यात उघडतं. गिऱ्हाईक म्हणतं लाकूड खोटं, लाकूड खरंच असतं. दोन-तीन हजारांचा ओलावामापक घ्या आणि १२ टक्क्यांवरची फळी रंध्याला लावू नका. सामाईक वाळवणभट्टी झाली तर दहा-बारा दुकानं तिच्यावर चालतील. मिलचा बॉयलरवाला इथंही लागतो.

आणि हे काम जूनमध्ये बंद पडत नाही. दिवाळीपूर्वीच्या ऑर्डरी पावसाळ्यातच होतात. तुमची रिकामी चौमाही इथं भरते.

खातेवही
पैशाची बाजू. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंत आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंत प्रकल्प बसतो. अनुदान शहरी भागात सर्वसाधारण १५, विशेष प्रवर्ग (महिला, इतर मागास, अनुसूचित जाती-जमाती, अल्पसंख्याक वगैरे) २५ टक्के. ग्रामीण भागात तेच २५ आणि ३५. स्वतःचे १० किंवा ५ टक्के. योजनेची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती, म्हणून अर्जाआधी चालू मुदत बघून घ्या.

अचलपूर नगरपालिकेच्या हद्दीत शेड घेतली तर शहरी दर. हद्द ओलांडून ग्रामपंचायतीत घेतली तर दहा टक्के जास्त. दहा लाखांच्या प्रकल्पात हा एक लाखाचा फरक आहे. पण आधी तीन फेज लाइन किती खांब लांब आहे ते विचारा, नाहीतर तो लाख खांबांतच जाईल.

अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षं तुमच्या नावानं अडकून राहतं, पाहणी झाल्यावर कर्जात वळतं. युनिट मधेच बंद पडलं तर गेलं. म्हणून वर सुई_दोरा यांनी दाखवलेले सव्वापाच लाख प्रकल्प अहवालात खेळतं भांडवल म्हणून पहिल्या दिवशीच लिहा. मागाहून कोणी देत नाही.

कुटुंबात, म्हणजे नवरा-बायकोत, एकालाच लाभ मिळतो.  आणि ग्रॅच्युइटीची सगळी रक्कम स्वतःचा हिस्सा म्हणून ओतू नका. पाच किंवा दहा टक्केच मागताहेत, तेवढेच द्या.

तीन_पाळ्या
शेवटची वाट: जा-ये. नांदगाव पेठला वस्त्रोद्योग आहे, तिथल्याच पीएम मित्र पार्कची (केंद्राचं वस्त्रोद्योग संकुल) पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली, जागा १,००० एकर. सूत ओळखणारा माणूस तिथं हवाच असणार. अंतर साठेक किलोमीटर.

मशीनचा_माणूस
अंतर अडत नाही, पाळी अडते. सकाळी ७ ची पाळी गाठायला पावणेपाचला निघावं लागतं, आणि दुसरी पाळी रात्री ११ ला सुटते तेव्हा एसटी नाही. ४०-४५ जण एका पाळीचे झाले तर कंत्राटी बस निघते, पण ते सगळे एकाच पाळीत हवेत आणि पाळ्या दर आठवड्याला फिरतात. म्हणून मागणी कारखान्याकडे एकच ठेवा: परतवाड्याकडच्या लोकांची पाळी गटानं फिरवा. पगार न वाढवता देता येण्यासारखी ही गोष्ट आहे.

खातेवही
एसटीचा मासिक पास २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस चालतो, पुरुषांनी तोच काढावा. महिलांनी काढू नये. अर्ध्या तिकिटात महिन्याचे २६ दिवस म्हणजे १३ दिवसांचंच भाडं होतं.

सुई_दोरा
@खातेवही, हे छान पकडलं. वरच्या यादीत घाला.

तीन_पाळ्या
आतापर्यंतची बेरीज, सगळं सुरळीत चाललं असं धरून: शिवणाच्या दोन लाइनी ९८, पॅकिंग ११, स्क्वॅश ५, सौर टोळ्या तीन धरल्या तर ९. सुतारकामाचा आकडा @सागवान यांनी दिलेला नाही. दहा दुकानं, दुकानाला किती हात आणि वर्षाला किती दिवस?

सागवान
मालक सोडून चार हात, २८० दिवस. १०× ४ × २८० = ११,२००. सदतीस नोकऱ्या धरा, सामाईक भट्टी झाली तर. नाही झाली तर निम्म्या लिहा.